पोफळखाडीची रस्सीखेच

समजा, तुमच्या हातात एक दोर आहे. काथ्याचा, मनगटाएवढा जाड आणि ओला. तुम्ही अनवाणी आहात, पायाखाली वाळू आहे. दोराचं दुसरं टोक समुद्रात लांबवर गेलं आहे. तिथे एक मोठं जाळं आहे, आणि त्यात मासळी आहे की नुसतं शेवाळ, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या पुढे माणसं आहेत, मागेही माणसं आहेत. बाया, बाप्ये, पोरं. सगळे एकदम ओढतात आणि एक पाऊल मागे सरकतात. पुन्हा ओढतात, पुन्हा एक पाऊल. असं करता करता तुमच्या मागची माणसं एकेक करून निघून जातात, आणि दोरावर अगदी शेवटचे तुम्ही उरता. पाठीमागे कोरडी वाळू, त्यामागे माडांची बाग. आता तुम्ही काय कराल?

नीट विचार करा. घाई नाही.

'आणखी ओढू' असं तुमच्या मनात आलं असेल, तर तुम्ही पोफळखाडीचे नव्हेत. पोफळखाडीचं पोर दोर सोडतं, पळत पाण्याकडे जातं, आणि सगळ्यांच्या पुढे, गुडघाभर पाण्यात उभं राहून दोराला नव्याने हात घालतं. त्याच्यामागून दुसरं जातं, मग तिसरं. असं फिरत राहिलं नाही तर थोड्याच वेळात सगळा गाव माडांच्या बागेत जाऊन उभा राहील आणि जाळं समुद्रातच राहील. या ओढण्याला रापण म्हणतात. ती शिकवावी लागत नाही. पोरं ती बघून बघूनच करू लागतात, जसे तुम्ही घास तोंडात घालायला शिकलात.

राही अशीच शिकली होती. दहा वर्षांची, काळीसावळी, पायांनी जरा फेंगडी. बाप अंबाजी मुंबईच्या आगबोटीवर खलाशी होता. वर्षातून एकदा यायचा, तोही पावसात. घर चालवायची आई, नीराबाई. नीराबाई रापणीत दोर ओढायची, बाजारात सुकी मासळी विकायची, आणि या दोहोंमधून वेळ उरला की शेजारणींना चार गोष्टी ऐकवायची. वेळ पुष्कळदा उरायचा.

राही तिसरीत होती. तिला चौथीत जायचं होतं, आणि त्याचं कारण शाळेच्या कपाटावर होतं. तिसरीपर्यंतच्या मुलांना मुंबई इलाख्याचा नकाशा दाखवत. कपाटावर दुसरा एक नकाशा गुंडाळून ठेवलेला होता, तो जगाचा. तो फक्त चौथीसाठी उघडायचा असा नियम होता. बाप घरी आला की 'एडन, बसरा' असं काहीतरी बोलायचा, आणि राहीने मुंबई इलाख्यात एडन पुष्कळ शोधलं होतं. सापडलं नव्हतं. म्हणजे ते कपाटावर असणार, हे उघड होतं.

अडचण अशी होती की रापणीत पोरांना अर्धा वाटा मिळतो आणि मोठ्या माणसाला पुरा. नीराबाईच्या मते राही आता मोठी झाली होती.

हे चाललं होतं ते अडतीस साल. त्याच सुमारास सरकारच्या लक्षात आलं की खेड्यापाड्यांतल्या मुलांचे हातपाय कमजोर आहेत. ते कसं लक्षात आलं हे कळायला मार्ग नाही; पोफळखाडीत तरी कुणी बघायला आलेलं नव्हतं. मुंबईत एक समिती बसली. ती पुष्कळ महिने बसली, आणि उठल्यावर तिने ठरवलं की मुलांनी बसून राहू नये. मग एक फर्मान निघालं. प्रत्येक शाळेत रोज अर्धा तास शारीरिक शिक्षण व्हावं. खेळ देशी असावेत. मुलीही असाव्यात. वर्षातून एकदा आसपासच्या शाळांचे सामने डिपोटीसाहेबांसमोर व्हावेत. साहित्य ज्याचं त्याने गावातच उभं करावं. शाळा तपासणाऱ्या साहेबाला सगळा तालुका डिपोटी म्हणत असे. तो वर्षातून एकदा यायचा आणि गेल्यावर पुष्कळ दिवस त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं.

पोफळखाडीच्या शाळेत एकच मास्तर होते, निकम मास्तर. ते माणदेशातले. पाणी त्यांनी विहिरीत पाहिलं होतं, तेही खाली वाकून. बदली होऊन आल्यावर पहिला महिना ते समुद्राकडे पाठ करून बसत. माणूस भला. सरकारने सांगितलं ते मनापासून करायचं आणि का सांगितलं ते विचारायचं नाही, अशी त्यांची रीत होती. त्यांनी अलिबागेत आठवडाभर शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले आणि एक शिट्टी घेऊन परत आले. धड्यांमध्ये पुष्कळ खेळ होते, पण पोफळखाडीला जमेल असा एकच निघाला. आट्यापाट्यांना रेघा मारल्या की वाऱ्याने पुसल्या जात. लेझमी कुणाकडे नव्हत्या. दोर मात्र घरोघरी होता. मास्तरांनी रस्सीखेच निवडली.

पहिल्याच दिवशी नीराबाई मासळीची पाटी काखेला लावून शाळेच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, पोरांना काय शिकवताव म्हनं?"

"शारीरिक शिक्षण."

"म्हंजे काय?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "सध्या दोर ओढणं."

नीराबाईने पाटी खाली ठेवली. हसायचं असलं की ती आधी ओझं खाली ठेवायची. "दोर ओढनं? माझी पोर चार वर्सांची होती तवापासनं दोर ओढतेय. त्याला शाला कशाला? उद्या भात गिलाया शिकवाल!"

"तसं नाही, नीराबाई. हा खेळ वेगळा आहे."

"वेगला कसा? दोर तोच, पोरं तीच. काय वेगलं?"

मास्तरांनी फर्मान आठवून पाहिलं. त्यात याचं उत्तर दिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "सामन्याच्या वेळी बघाल."

"बघनारच हाय. मालशेतला होनार न्हवं? बाजाराचा दिस हाय, मी तिथंच असनार." नीराबाईने पाटी पुन्हा उचलली. "माझा बोल ऐकून ठेवा. पोरीला येत न्हाय असं काय तुमची शाला शिकवत असंल, तर ऱ्हाऊदे तिला चौथीत. घरी येतं तेच शिकवत असाल, तर शिमगा झाला की पाटी-पेन्सल तुमची तुम्हाला, आन पोर माझी मला रापनीला."

राही तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने सगळं ऐकलं. पोफळखाडीत कुणी हळू बोलत नसे.

सराव सुरू झाला. दोर राहीच्या मामाचा, काळूरामचा होता, आणि काळूरामने तो तीनदा बजावून दिला होता. संघात आठ जणं: सगळ्यांत पुढे बारका सदा, मग रंगू, कमळ वगैरे, शेवटून दुसरी जनी आणि शेवटी राही. राही शेवटी, कारण ती पाय फेंगडे टाकून उभी राहिली की सहसा हलत नसे. आता रस्सीखेचेला दुसरा संघ लागतो. शाळेचे दोन भाग करावेत असं मास्तरांच्या मनात आलं होतं. पण गावाच्या वरच्या पाखाडीची पोरं एकीकडे आणि खालच्या पाखाडीची दुसरीकडे गेली असती, तर खेळ रात्रीपर्यंत चालून त्यात आईबापही उतरले असते. म्हणून मास्तरांनी दोराचं दुसरं टोक एका माडाला बांधलं.

पोरं रोज अर्धा तास माडाशी रस्सीखेच खेळत. 'हैऽऽशा' म्हणून सगळी एकदम जोर लावत. माड हलत नसे. पोरंही हलत नसत. जो तो आपल्या जागी, हात दोरावर, रांग सरळ. मास्तरांना ही उत्तम शिस्त वाटली. त्यांनी शिट्टी वाजवावी, पोरांनी ओढावं, पुन्हा शिट्टी वाजवावी, पोरांनी थांबावं. दोन महिन्यांत माड एकदाही हरला नाही, आणि पोरांचं कुठे काही चुकतं आहे असंही दिसलं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. मास्तरांच्या आलं नव्हतं.

माळशेत खाडीपासून आत, भातशेतीचं गाव. सामने तिथल्या कापणी झालेल्या शेतात ठेवले होते. शेत सपाट, चारी बाजूंनी बांध, आणि अंगभर भाताचे खुंट. मधोमध चुन्याची रेघ मारली होती. बांधापलीकडे आठवड्याचा बाजार भरला होता, आणि बाजाराच्या अलीकडच्या टोकाला, शेतात सगळं दिसेल अशा जागी, नीराबाई सुकटीची पाटी घेऊन बसली होती. डिपोटीसाहेबांची खुर्ची आधी तिच्या शेजारी होती. थोड्या वेळाने ती पलीकडच्या बांधावर गेली.

समोर माळशेतच्या शाळेची आठ पोरं उभी राहिली. शेतकऱ्यांची पोरं, सगळा पावसाळा चिखलात पाय रोवून भात लावणारी. त्यांचा शेवटचा गडी कोंडाजी राहीच्या दीडपट होता.

"काय रं," कोंडाजी म्हणाला, "ह्यांच्याशी नाक धरून वढायचं का हात धरून?"

"नाकानंच वढ," सदा पुढून म्हणाला. "हातात काय दम दिसत न्हाय."

"सुकटीवानी तर हायस तू!"

"सुकट परवा तुझ्या आयनं आमच्याकडनंच नेली. उधार मागत होती."

डिपोटीसाहेब चष्म्यावरून बघू लागले तसे दोघे गप्प झाले. साहेबांच्या मांडीवर नियमांचं एक बारकं पुस्तक होतं. त्यांनी मोठ्याने सांगितलं, की दोराच्या मधोमध रुमाल बांधला आहे, तो जो संघ रेघेपासून चार पावलं आपल्याकडे ओढून नेईल तो जिंकला; डाव तीन, त्यांतले दोन जिंकेल त्याचा सामना. मग निकम मास्तरांनी शिट्टी वाजवली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. माळशेतच्या पोरांनी टाचा मातीत घातल्या त्या घातल्या. मग सदा ओरडला, 'हैऽऽशा!' आणि आठांनी एकदम ओढलं. दोर आला. पुन्हा 'हैऽऽशा', पुन्हा आला. पोरं चकितच झाली. दोन महिन्यांत दोर पहिल्यांदाच येत होता. माड यायचा नाही, हा संघ येत होता!

राही मागे मागे सरत गेली आणि तिच्या टाचेला बांध लागला. मागे जागा संपली. ती दोरावरची शेवटची होती.

तिने दोर सोडला, पळत सगळ्यांच्या पुढे गेली, चुन्याची रेघ ओलांडली, आणि माळशेतच्या पहिल्या पोरीच्या, केसर नावाच्या मुलीच्या, नाकापुढे दोराला नव्याने हात घातला.

"ए, तू हिकडं कशी?" केसर म्हणाली.

"सर जरा मागं," राही म्हणाली. तिला बोलायला वेळ नव्हता.

तिच्यामागून जनी आली, मग कमळ, मग रंगू. माळशेतच्या पोरांना आपल्या बाजूला आपल्याच इतकी माणसं दिसू लागली. कुणी कुणाला ओढायचं याचा त्यांना उलगडा होईना, आणि जो विचारात पडतो त्याचे पाय सुटतात. पोफळखाडीच्या पोरांनी सगळा माळशेत संघ, कोंडाजीसकट, रेघेपलीकडून ओढत ओढत पार बांधाशी आणून टाकला. मग सदाने दोराची वेटोळी नीट रचायला घेतली आणि रंगू मासळी निवडायला बसतात तशी खाली बसली. बसल्यावर ती जरा गोंधळली.

निकम मास्तरांची शिट्टी तोंडात होती, पण वाजत नव्हती.

डिपोटीसाहेबांनी पुस्तक चाळलं. "खेळाडूंनी दोर सोडला, ही चूक," ते म्हणाले. "रेघ ओलांडली, ही दुसरी चूक. विरुद्ध बाजूला जाऊन त्यांच्या पुढ्यात दोर धरला," त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, "याबद्दल पुस्तकात काही नाही. लिहिणाऱ्याला हे सुचलेलं दिसत नाही. डाव माळशेतचा."

नीराबाई गिऱ्हाईक तसंच टाकून बांध उतरून आली. "राहे! हरलीस?"

"व्हय, आये."

"दोर ओढाया हरलीस?"

"व्हय."

"ह्या भातखाऊंच्या म्होरं?"

राहीने मान खाली घातली. नीराबाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दोराकडे. कुणी सांगितलं असतं की तिच्या घरी मासळी शिजवता येत नाही, तर तिला जसं वाटलं असतं, तसं तिला वाटलं असावं. मग ती निकम मास्तरांकडे वळली. "मास्तर, हिला दोर ओढता येत न्हाय."

मास्तर गडबडले होते, पण तितकेही नव्हते. "मी सांगत होतोच, नीराबाई. खेळ वेगळा आहे."

"मंग शिकवा की! येत न्हाय तवर ठेवा शालेत. चौथीत ठेवा, पाचवीत ठेवा. खलाशाची पोर, आन दोर ओढता येत न्हाय!" असं म्हणून ती पुन्हा पाटीपाशी जाऊन बसली आणि दोन गिऱ्हाइकांशी विनाकारण भांडली.

राही उभी होती तिथेच उभी राहिली. डाव गेला होता, पण चौथी मिळाली होती. हे कसं झालं ते तिला नीटसं कळलं नाही. पण कपाटावरचा नकाशा तिला उघडताना दिसला.

मास्तरांनी पोरांना गोळा केलं. "हे बघा. कुणीही हात सोडायचा नाही. पुढे पळायचं नाही. मागची जागा संपली तरी मागेच जायचं."

"मागं बांध हाय, मास्तर," सदा म्हणाला.

"बांधावर चढायचं."

"आन बांध संपला की?"

"तोवर शिट्टी होईल."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ओढायचं आणि जागेवरून जायचं नाही, हे त्यांना जरा स्वार्थीपणाचं वाटलं. पण मास्तर सांगत होते. दुसरा डाव सुरू झाला. 'हैऽऽशा', दोर आला. 'हैऽऽशा', पुन्हा आला. राहीची टाच बांधाला लागली तेव्हा तिची बोटं सुटू लागली होती. जनी वळून ओरडली, "राहे, न्हाय! न्हाय!" राहीने मूठ मिटली आणि पाठमोरीच बांधावर चढली. रुमाल रेघेपासून चार पावलं अलीकडे आला. डाव पोफळखाडीचा.

पोरं नाचू लागली. राहीही नाचली. नाचता नाचता तिला आईचा आवाज ऐकू आला.

"आलं की! येका शिट्टीत शिकली! येवढ्यासाठी वरीसभर शालेत ठेवनार व्हते व्हय, मास्तर? अजून येकदा जिंकली की झालं तिचं शिक्शान. शिमग्याला रापनीला हजर!"

राही नाचायची थांबली.

हिशेब सोपा होता, तिसरीतल्या पोरीला जमण्यासारखा. तिसरा डाव हरला तर तिला दोर ओढता येत नाही, म्हणून शाळा. जिंकला तर दोर ओढता येतो, म्हणून रापण. आणि हरणं तिच्या हातात होतं, अगदी हातातच. बांध टाचेला लागला की बोटं उघडायची. त्यांना तशीही उघडायचीच होती. कुणी काही म्हणालं नसतं. मास्तर म्हणाले असते, सवय आहे. डिपोटीसाहेबांनी पुस्तकात बघून चूक सांगितली असती. आई म्हणाली असती, अजून कच्ची आहे.

ती जनीशेजारी येऊन उभी राहिली. जनी तळहातांवर थुंकत होती. दोन्ही तळहात सोलवटले होते. पुढून सदा रांगेतून मागे आला, खरं तर त्याने जागा सोडायची नव्हती, आणि म्हणाला, "राहे, आता सोडू नको हां. मी घरी सांगून आलोय आमी जिंकनार म्हून."

"कुनाला सांगितलंस?"

"सगल्यांना."

तो परत पुढे गेला. राही दोराच्या शेपटाकडे बघत राहिली. शेपूट बरंच मोकळं होतं. तिने ते उचललं, कमरेभोवती दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. जितकं ओढावं तितकी घट्ट होणारी, होडी खुंटाला बांधतात ती गाठ.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. किनाऱ्यावरच्या पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट सांगतात, की ओढायचा दोर अंगाला बांधायचा नाही. दोराच्या पलीकडे समुद्र असतो, आणि त्याच्या मनात आलं तर तो जाळ्याबरोबर माणूसही नेतो. हातातला दोर सोडता येतो, कमरेचा येत नाही. यावरून राहीने लहानपणी मारही खाल्ला होता. पण तिला आज तेच हवं होतं. आपल्या हातांचा तिला भरवसा राहिला नव्हता, आणि आपल्या मनाचा तर नव्हताच.

निकम मास्तरांनी गाठ पाहिली आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पुस्तक पाहिलं. "शेवटच्या खेळाडूने दोर अंगावरून घेण्यास हरकत नाही," ते म्हणाले. "गाठीबद्दल काही लिहिलेलं नाही. चालू द्या."

तिसरी शिट्टी झाली.

माळशेतची पोरं आता शहाणी झाली होती. सदाचा 'हैऽऽशा' आला की ती घट्ट बसत, आणि दोन 'हैशां'च्या मध्ये कोंडाजी हळूच वीतभर दोर ओढून घेई. रुमाल त्यांच्याकडे सरकला. राही पुढे खेचली गेली, गुडघ्यावर पडली, खुंटांनी गुडघे सोलले. ती उठली. पुन्हा पडली, पुन्हा उठली.

"सदा, लवकर लवकर म्हन!" ती ओरडली.

सदा लवकर लवकर म्हणू लागला. मध्ये श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, ना त्यांना ना स्वतःला. कोंडाजीला घट्ट कधी बसायचं हे समजेना. रुमाल थबकला, मग रेघ ओलांडून अलीकडे यायला लागला. एक पाऊल. आणखी एक. राहीच्या टाचेला बांध लागला.

आणि हात सुटले. तिने सोडले नाहीत. ते आपोआप उघडले, झोपेत बाळाचे उघडतात तसे. क्षणभर ती रिकाम्या हातांनी उभी होती. पण गाठ होती. दोराने तिला कमरेतून पुढे ओढलं, तिने कमरेनेच मागे ओढलं, बांधावर टाच चढवली, मग दुसरी, आणि पुन्हा दोर हातात पकडला तेव्हा ती बांधाच्या माथ्यावर होती आणि मास्तर शिट्टी वाजवत होते. ती किती वेळ वाजत होती कुणास ठाऊक. मास्तरांना थांबायचं भान नव्हतं.

"पोफळखाडी," डिपोटीसाहेब म्हणाले.

पोरांनी आरडाओरडा केला, पण त्याच्यावरून दुसरा एक आवाज आला. नीराबाई शेतातून धावत येत होती. पाटी तिने तशीच टाकली होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"कमरंला दोर? कमरंला दोर बांधलास? कुनी शिकवलं तुला हे?"

डिपोटीसाहेबांना वाटलं आपण काही सांगावं. "बाई, पुस्तकात तशी मनाई—"

"पुस्तक बुडंल काय सायेब? पोर बुडंल!"

साहेबांनी पुस्तक मिटलं.

"आमच्यात दोर अंगाला बांधनारा मानूस जाल्यासंगं जातो. परत येत न्हाय. आन ही, ही मालशेतच्या शेतात बांधून बसली! उद्या रापनीला बांधंल. हिच्या हाताला आता सवय लागली. येकदा लागलेली सवय जाते काय, मास्तर? सांगा की!"

"सवय जायला वेळ लागतो," निकम मास्तर जपून म्हणाले.

"वेल लागतो. मंग ठेवा तुमच्याकडं. रापनीच्या दोराला मी हिला हात लावू देनार न्हाय, यंदा न्हाय, पुढल्या वर्सी न्हाय. जमिनीवरचं काय ते शिकवा हिला. दोर सोडून." नीराबाईने नाक पदराने पुसलं. "आन जिंकलीस ते बरं केलंस. पन बांधलास कशाला गो, मेले?"

मागे कुठेतरी तिच्या सुकटीत मांजर शिरलं होतं आणि बाजार हसत होता. तिने वळून पाहिलं नाही.

राहीने गाठ सोडायचा प्रयत्न केला. पण आठ पोरांनी इकडून आणि आठ पोरांनी तिकडून ओढून ती दगडासारखी झाली होती. तिची नखं आत जाईनात. ती बांधावरून उतरली आणि दोर मागे फरफटत आईपुढे जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि आईची बोटं गाठीखाली जावीत म्हणून पोट आत घेतलं.